३ हॉर्सपॉवरच्या मिलिंग मशीनला फेस कटर कोणता घ्यावा?

कातळकडा (रत्नागिरी)

सर्वांना नमस्कार. मिरजोळे औद्योगिक वसाहतीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मिरकरवाड्याच्या नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि वर्षभर रखडलेली इंजिनांची कामे याच दोन महिन्यांत आमच्या दारात येऊन उभी राहतात. त्यांतली सपाट पृष्ठभागाची कामे साधारण तीन प्रकारची असतात. डिझेल इंजिनांची बिडाची हेडे (सिलिंडरवरची झाकणे), इंजिनाच्या बैठकीखाली लागणाऱ्या २० मिमी जाडीच्या एम.एस. (साध्या पोलादाच्या) प्लेटा आणि पंख्याच्या शाफ्टच्या नळीला लागणाऱ्या ३१६ स्टेनलेसच्या फ्लँज.

माझ्याकडे सेकंडहँड टरेट मिलिंग मशीन आहे. मोटर ३ हॉर्सपॉवरची, स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या दांड्याला) पट्ट्याचा ड्राइव्ह. आतापर्यंत एंड मिलने पट्टे पाडत काम करत होतो. यंदा हंगामाआधी १०० मिमी व्यासाचा, ४५ अंशांचा, ६ इन्सर्टचा (बदलता येणाऱ्या कार्बाइडच्या दातांचा) फेस मिल, म्हणजे सपाटी काढणारा कटर, घेतला. मोठा व्यास असला की एका पासमध्ये काम उरकते, असे विकणाऱ्याने सांगितले होते.

प्रत्यक्षात घडले ते असे. ८० मिमी रुंदीची एम.एस. प्लेट बांधली, ५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) ठेवले, फीड (टेबल सरकण्याचा वेग) मिनिटाला ३५० मिमी आणि कट (खोली) २ मिमी. कटर पूर्ण आत गेल्याबरोबर मशीनचा आवाज खाली बसतो आणि पट्टा घसरल्याचा वास येतो. दुसरी प्लेट संपेपर्यंत दोन इन्सर्टच्या धारेचे तुकडे पडलेले असतात. पृष्ठभागावर नखाला लागतील अशा रेघा राहतात. पट्टी ठेवून भिंगातून मोजल्या, तेव्हा ७ मिमीमध्ये १० रेघा भरल्या.

इन्सर्टचा ग्रेड चुकला आहे, कटर चुकला आहे की माझ्या चालवण्यात दोष आहे, हे मला कळत नाही. एका डबीतले इन्सर्ट दोन दिवसांत संपले तर प्लेटीच्या मजुरीत काहीच उरत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_टूलरूमवाला (चिपळूण)

आपण आकडे दिलेत हे फार चांगले केलेत, कारण त्यामुळे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. टूलरूममध्ये मी २८ वर्षे काढली आणि इन्सर्ट तुटला की पहिला संशय ग्रेडवर घेणारी माणसे मी फार पाहिली. आपल्या बाबतीत ग्रेडचा विचार शेवटी येईल. आधी मशीन काय पेलू शकते ते पाहू.

कट २ मिमी, रुंदी ८० मिमी, फीड ३५० मिमी. यांचा गुणाकार मिनिटाला ५६,००० घन मिमी, म्हणजे ५६ घन सेंटिमीटर धातू. साध्या पोलादाचा एक चौरस मिलिमीटर कापायला फेस मिलिंगमध्ये साधारण २,१०० न्यूटन बल लागते असे धरा. ५६,००० गुणिले २,१०० भागिले ६ कोटी केले की १.९६ किलोवॉट येतात. ही कटरच्या दातापाशी लागणारी ताकद झाली. पट्टा, बेअरिंग आणि गिअर यांत साधारण पाचवा हिस्सा वाया जातो असे मानले, तर मोटरीकडून जवळपास २.४५ किलोवॉट हवेत. आपली ३ हॉर्सपॉवरची मोटर देते २.२ किलोवॉट. त्यातून इन्सर्टची धार जराशी बोथट झाली की ही मागणी आणखी वाढते. पट्टा घसरल्याचा वास येतो त्याचे कारण एवढेच आहे. स्पिंडल क्षणभर मंदावते, टेबलाचा फीड मात्र तसाच चालू राहतो, त्यामुळे पुढच्या दाताला ठरल्यापेक्षा जाड चिप (कापायचा धातूचा थर) मिळते आणि तो तुटतो. इन्सर्ट कितीही महागाचा घातलात तरी तो याच रीतीने तुटेल.

आता व्यासाकडे वळू. कापायच्या रुंदीपेक्षा कटर २० ते ५० टक्के मोठा असावा हा नियम बरोबर आहे, परंतु ती रुंदी आपण ठरवायची असते. ८० मिमीची प्लेट एकाच पासमध्ये झाली पाहिजे असा कुठलाही नियम नाही. ६३ मिमीचा कटर घेतलात तर ४५ आणि ३५ अशा दोन पासमध्ये ती प्लेट होते. कापण्याचा वेग मिनिटाला १५० मीटर ठेवायचा असेल तर १,००० ला १५० ने गुणून, ३.१४ आणि व्यासाने भागायचे; ६३ मिमीला सुमारे ७६० आरपीएम येतात. ५ दात, दर दाताला ०.१ मिमी, म्हणजे फीड ३८०. कट १.५ मिमी आणि रुंदी ४५ मिमी ठेवलीत तर वरच्याच हिशोबाने दातापाशी ०.९ किलोवॉट लागतात. एवढे आपले मशीन बिनतक्रार ओढेल. पास दोन झाले तरी पट्टा, इन्सर्ट आणि झोप तिन्ही शाबूत राहतील.

नवा कटर येईपर्यंत एक युक्ती करून पाहा. आपल्या १०० च्या कटरमधले एकाआड एक असे तीन इन्सर्ट काढा आणि फीड १७५ वर आणा. दर दाताची चिप तेवढीच राहते आणि लागणारी ताकद निम्मी होते. रिकाम्या खाचांत मात्र जुने, झिजलेले पण ठरलेल्या उंचीपेक्षा खाली बसणारे काहीतरी बसवून ठेवा, नाहीतर उडणारा कीस बैठक खराब करतो.

दाताची धार जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) पृष्ठभागाशी जो कोन करते त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी निवड इथे होते. ४५ अंशांच्या कटरमध्ये कापण्याचा दाब अर्धा आडवा आणि अर्धा स्पिंडलच्या दिशेने उभा जातो. दात जॉबमध्ये शिरताना एकदम आदळत नाही, हळूहळू उतरतो. शिवाय दर दाताचा फीड ०.१ असेल तर चिपची खरी जाडी ०.०७ एवढीच असते, कारण ती तिरकी पसरते. म्हणून याच कटरला फीड साधारण १.४ पट देता येतो. सर्वसाधारण सपाटीच्या कामाला माझी पहिली पसंती यालाच आहे. ९० अंशांच्या कटरचा दाब जवळजवळ सगळा आडवा जातो आणि खाली दाब फार कमी पडतो. खालून पोकळ किंवा पातळ असलेला जॉब ४५ च्या कटरखाली दबतो आणि कटर पुढे गेला की पुन्हा वर येतो, मग मधोमध फुगवटा दिसतो. अशा जॉबला ९० चा कटर घ्यावा. लगत खांदा असेल तर दुसरा पर्यायच नाही. गोल इन्सर्टची धार सर्वांत मजबूत, पण त्याला ताकद जास्त लागते आणि जॉबवर दाबही जास्त पडतो. ३ हॉर्सपॉवरला मी तो सुचवणार नाही.

कटर मागवताना 'पॉझिटिव्ह' भूमितीचा आहे ना, हे विचारून घ्या. दोन्ही बाजूंनी वापरता येणारे निगेटिव्ह इन्सर्ट हिशोबाला स्वस्त दिसतात, कारण एकावर आठ किंवा त्याहून अधिक धारा मिळतात, पण ते धातू कापण्याऐवजी ढकलतात आणि त्यासाठी जड मशीन लागते. इन्सर्टच्या नावातले दुसरे अक्षर हेच सांगते. एसईकेटी १२०४ मधल्या 'ई' चा अर्थ २० अंशांचा क्लिअरन्स (धारेमागे सोडलेला उतार), एपीकेटी १६०४ मधल्या 'पी' चा अर्थ ११ अंशांचा. त्या जागी 'एन' असेल तर क्लिअरन्स शून्य, म्हणजे निगेटिव्ह. १२ आणि १६ हे धारेच्या लांबीचे आकडे आहेत, ०४ म्हणजे ४.७६ मिमी जाडी.

ग्रेडचे रंग डबीवरच असतात. पोलादाला निळा म्हणजे पी, स्टेनलेसला पिवळा म्हणजे एम, बिडाला लाल म्हणजे के आणि ॲल्युमिनियम-पितळेला हिरवा म्हणजे एन. अक्षरापुढचा आकडा लहान असेल तर इन्सर्ट कडक आणि झीज कमी, आकडा मोठा असेल तर चिवट. सैल मशीनवर एम.एस. साठी पी३० किंवा पी४० च्या आसपासचा चिवट ग्रेड घ्या. (आपल्याकडे कार्बाइडच्या प्रत्येक तुकड्याला सरसकट 'विडिया' म्हणतात, ते मूळचे जर्मनीतल्या क्रुप कंपनीचे १९२६ सालचे व्यापारी नाव, 'हिऱ्यासारखे' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून पडलेले. दुकानात नुसते 'विडिया द्या' म्हटले की हाताला लागेल तो ग्रेड मिळतो, म्हणून सांगितले.)

राहिल्या त्या रेघा. ३५० भागिले ५०० म्हणजे स्पिंडलच्या एका फेऱ्याला ०.७ मिमी फीड. ७ मिमीत १० रेघा म्हणजे दर फेऱ्याला बरोबर एक रेघ. सहा दातांपैकी एकच दात शेवटची खूण करत आहे. या इन्सर्टच्या तळाला दीड-दोन मिमी लांबीची सपाट धार असते. ती शाबूत आणि समांतर असेल तर वर आलेला एकटा इन्सर्टसुद्धा ०.७ मिमीचा फीड पुसून गुळगुळीत करतो. तरीही पायऱ्या दिसतात, त्याअर्थी एकतर त्या इन्सर्टची सपाट धार तुटली आहे किंवा तो खाचेत तिरका बसला आहे. सहाही इन्सर्ट काढून खाचा पुसा, परत बसवा आणि स्पिंडल हाताने फिरवून प्रत्येकाखाली डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे माप) लावून पाहा.

लोटे_शॉपफ्लोअर (खेड)

वरील उत्तरात आणखी एका गोष्टीची भर घालतो. कातळकडा, आपल्या टेबलाचे हँडल दिशा बदलताना किती मोकळे फिरते ते आधी पाहावे.

कार्बाइडला क्लाइम्ब मिलिंग (दात कापतो त्याच दिशेने टेबल सरकवणे) मानवते, हे पुस्तकात वाचून मी जुन्या मशीनवर तसे केले होते. क्लाइम्बमध्ये दात जाड चिप घेऊन शिरतो आणि पातळ चिप सोडून बाहेर पडतो, त्यामुळे धारेचे आयुष्य वाढते, हे खरे आहे. परंतु त्यात कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो. माझ्या मशीनच्या टेबलाच्या स्क्रूमध्ये पाव फेरा प्ले (ढिलाई) होता. कटर अर्धा आत गेला आणि टेबल खटकन पुढे सरकले. जवळपास दीड मिमीचा घास एका दाताने घेतला, इन्सर्टसकट त्याची बैठक फुटली आणि जॉब व्हाइसमधून तिरका वर आला. मी बाजूला उभा होतो म्हणून हाताला काही झाले नाही. कटरचे अंग मात्र गेले, आणि इन्सर्टच्या मानाने ते अंगच महाग असते.

म्हणून स्क्रू जुना असेल तर रफिंग कन्व्हेन्शनल दिशेनेच (टेबल दाताच्या उलट सरकवून) करावे, जरी इन्सर्ट थोडे लवकर बसले तरी. फिनिशिंगचा पाव मिमीचा पास, गिब (टेबलाची ढिलाई काढणारी पट्टी) घट्ट करून आणि आडवे टेबल लॉक करून, क्लाइम्बने घेता येतो.

दुसरे म्हणजे कटरचा मध्य जॉबच्या मध्यावर ठेवू नये. अगदी मध्यावर ठेवला तर आडवा दाब एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला जातो आणि स्पिंडल डोलायला लागते. थोडा एका बाजूला सरकवला की दाब एकाच दिशेला राहतो आणि आवाज लगेच बदलतो. कटरचा मध्य नेमका जॉबच्या कडेवर येईल असेही ठेवू नये, कारण तिथे दाताला सर्वांत वाईट धक्का बसतो. कटरच्या व्यासाचा दोन तृतीयांश ते पाऊण भाग कापत राहील अशी जागा धरावी.

कातळकडा (रत्नागिरी)

आपणा दोघांचे मनापासून आभार. हँडल पाहिले, ठिपक्यांच्या हिशोबाने ०.६ मिमी मोकळे फिरते. म्हणजे रफिंग कन्व्हेन्शनलच.

आता हेडांविषयी विचारतो. सध्या पाच हेडे रांगेत आहेत, त्यांतले सर्वांत रुंद १९० मिमी आहे. ६३ च्या कटरने पट्टे पाडले तर दोन पट्ट्यांच्या मध्ये पायरी राहते आणि गॅस्केट (हेडाखालची सील) तिथेच फुंकेल अशी भीती वाटते. फ्लायकटरने (मोठ्या वर्तुळात फिरणाऱ्या टिपेच्या कटरने) करणारे कोणी आहे का? ३१६ च्या फ्लँजबद्दलही सांगावे, कारण त्यांनी मागच्या वर्षी फार त्रास दिला.

बंदरावरचा_मिस्त्री (हर्णै)

मी गेली बारा-तेरा वर्षे हेडांचेच काम करतो, त्यामुळे तेवढ्यापुरते सांगतो.

हेड मशीनवर चढवण्याआधी दोन गोष्टी पाहा. पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घेऊन लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर वाक मोजा आणि खडूने हेडावरच लिहा. नंतर पाण्याच्या भोकांच्या कडा पाहा. खारे पाणी जिथपर्यंत पोचते तिथे बीड आतून खाल्ले जाते आणि भोकाभोवती खड्डे पडतात. वाक ०.१५ मिमी आणि खड्डा १ मिमी खोल असेल, तर खड्डा जाईपर्यंत कापत बसू नका. तेवढे कापले की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि इंजेक्टरचे टोक किती बाहेर येते तेही बदलते. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये हेडाची किमान उंची दिलेली असते, तिच्या खाली जायचे नाही. मालकाला नवे हेड सांगणे जिवावर येते, हे मला माहीत आहे. पण भर समुद्रात इंजिन बंद पडले तर नौकेवरच्या खलाशांचे काय होते, हे आपण किनाऱ्यावरची माणसे जाणून आहोत.

आता कटर. ३ हॉर्सपॉवरच्या मशीनवर १९० मिमीच्या हेडाला फ्लायकटरच योग्य आहे. एकच दात असल्यामुळे ताकद नगण्य लागते, सगळी रुंदी एका पासमध्ये येते आणि उंच-सखल दातांचा प्रश्नच उद्भवत नाही. मी २२० मिमी व्यासाच्या वर्तुळावर फिरणारी टिप वापरतो. १५० आरपीएमला वेग मिनिटाला १०४ मीटर येतो, जो कोटेड के ग्रेडला बिडात चालतो. दर फेऱ्याला ०.१२ मिमी धरून फीड १८ मिमी. हेड आणि कटरची ये-जा धरून सहाशे-साडेसहाशे मिमीचा प्रवास असेल तर अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. एकदा पास सुरू झाला की मध्ये थांबवू नका, थांबवलेल्या जागी वर्तुळ उमटते. कट ०.१ मिमीच्या आसपास ठेवा, आणि टिपेचा गोलवा ०.८ मिमीचा घ्या. दोन दातांचा किंवा जड फ्लायकटर असेल तर त्याचा तोल बरोबर आहे ना ते कमी आरपीएमवर आधी पाहून घ्या.

सगळा खेळ स्पिंडलच्या काटकोनावर आहे. स्पिंडलला डायल लावून टेबलावर २०० मिमीचे वर्तुळ फिरवा. समोर आणि मागे ०.०५ चा फरक असेल आणि कटर फक्त पुढच्या कडेने कापत असेल, तर २०० च्या वर्तुळाने कापलेल्या १५० मिमी रुंदीच्या जॉबवर मधोमध सुमारे ०.००८ मिमीचा खोलगटपणा येतो. एवढा चालून जातो. ०.२ चा फरक असेल तर तोच खोलगटपणा ०.०३ च्या वर जातो आणि गॅस्केटला मध्ये पकड उरत नाही. माझ्या मते ०.०२ च्या आत आणावा. अगदी शून्यावर आणला की मागची कडही पुसट खरवडत जाते आणि आडव्या-उभ्या दोन्ही रेघा दिसतात. बिडाच्या हेडाला त्याने बाधा येत नाही.

फार गुळगुळीतही करू नका. जुन्या कॉम्पोझिट गॅस्केटला थोडी खरखर हवी असते, तिच्यामुळे ती जागची हलत नाही. अनेक पदरी स्टीलची गॅस्केट असेल तर उलट, पृष्ठभाग जितका नितळ तितका चांगला. तिथे फीड निम्मा करा.

जुना_टूलरूमवाला (चिपळूण)

मिस्त्रींनी हेडांचे उत्तम सांगितले आहे. मोठ्या हेड-रिपेअर मशीनांवर बिडाला सीबीएन (बोरॉन नायट्राइड) आणि ॲल्युमिनियमला पीसीडीची टिप लावतात, तेवढी भर घालतो. पीसीडीची टिप लोखंडी धातूला कधीही लावू नका. ती हिऱ्याची, म्हणजे कार्बनची असते आणि तापलेल्या लोखंडात तो कार्बन विरघळून टिप पाहता पाहता झिजते. आपल्या मशीनला या दोहोंचीही गरज नाही.

३१६ बद्दल. या धातूचा स्वभाव असा की घासला की तो कडक होतो. आपण सावधगिरी म्हणून फीड कमी करतो, दात कापण्याऐवजी घासतो, वरचा पदर कडक होतो आणि पुढचा दात त्या कडक पदरावर येऊन बोथट होतो. मागच्या वर्षीचा आपला त्रास बहुधा हाच असावा. दर दाताला ०.१ च्या खाली जाऊ नका आणि वेग खाली आणा, मिनिटाला १०० मीटरच्या आसपास. ६३ च्या कटरला सुमारे ५०० आरपीएम. कट किमान अर्धा मिमी ठेवा, म्हणजे धार मागच्या पासच्या कडक पदराखालून जाईल. जॉबवर कटर फिरता ठेवून टेबल थांबवायचे नाही. इन्सर्ट एम ग्रेडचा, पीव्हीडी कोटिंगचा घ्या. पीव्हीडीचा थर पातळ असल्याने धार तीक्ष्ण राहते; सीव्हीडीचा थर जाड असतो, त्यासाठी धार आधी गोलसर करावी लागते. फ्लँजच्या खाली मधोमध आधार देता येत नसेल तर इथे ९० चा कटर वापरा.

खाडीपलीकडे (देवगड)

मी सगळ्याच धातूंवर कूलंट भरपूर सोडतो आणि माझा अनुभव चांगला आहे. कार्बाइड तापतो, मग त्याला थंड करणे योग्यच नव्हे काय?

जुना_टूलरूमवाला (चिपळूण)

लेथवर आपले म्हणणे योग्य ठरेल, कारण तिथे टूल सतत धातूत असते. मिलिंगमध्ये प्रत्येक दात अर्धा फेरा धातूत तापतो आणि अर्धा फेरा हवेत निवतो. हवेत असताना त्यावर कूलंट पडले की हा चढउतार फार मोठा होतो आणि धारेला काटकोनात, कंगव्याच्या दात्यांसारख्या बारीक भेगा पडतात. आपले वापरलेले इन्सर्ट भिंगाखाली धरून पाहावेत. धारेवर समान अंतरावर उभ्या भेगा दिसल्या तर त्या कूलंटच्या आहेत. पोलादाला कार्बाइडने फेस करताना कोरडेच चालवावे आणि कीस हवेने उडवावा. एचएसएस (हायस्पीड स्टीलचा) कटर असेल तर मात्र कूलंट हवेच. ॲल्युमिनियमलाही हवे, नाहीतर धातू धारेला चिकटतो. त्याला कोटिंग नसलेला, चकचकीत घासलेला हिरव्या डबीचा इन्सर्ट घ्यावा. ३१६ वर हलका कट कूलंटमध्ये चालतो, परंतु सोडायचे तर अखंड सोडावे. बाटलीने थोडे थोडे शिंपडणे सर्वांत घातक.

बिडावर कधीही नको. बिडात ग्रॅफाइट असते, तेच वंगणाचे काम करते. पाणी लागले की बिडाची काळी भुकटी चिखलासारखी होऊन स्लाइडमध्ये जाते. आपल्या खाऱ्या हवेत ती रात्रभर तिथे राहिली तर सकाळी गंजाचा पट्टा दिसतो.

खाडीपलीकडे (देवगड)

भिंगाखाली पाहिले. अकरापैकी सात इन्सर्टवर तशा भेगा आहेत. मी आजवर त्या झिजेच्या समजत होतो. धन्यवाद.

लोटे_शॉपफ्लोअर (खेड)

हवामानाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पावसाळ्यात कटर स्पिंडलमध्ये रात्रभर ठेवू नका. टेपर (कटरची निमुळती बैठक) गंजून चिकटतो आणि काढताना हातोडी मारावी लागते, ती बेअरिंगला जाणवते. इन्सर्टच्या स्क्रूला तांब्याची पेस्ट बोटभर लावावी आणि दर चार-पाच डब्यांनंतर स्क्रू नवे घ्यावेत. स्क्रूच्या डोक्यातली चांदणीची (टॉर्क्स) खाच एकदा गोल झाली की ड्रिल करून काढण्यात अर्धा दिवस जातो.

बिडाचे कास्टिंग कोल्हापूरहून कच्चे येते तेव्हा त्याच्या कातडीत वाळू असते. पहिला कट अर्ध्या मिमीचा घेतला तर धार त्या वाळूतच फिरत राहते. कातडीच्या खाली, दीड-दोन मिमी खोल जावे, रुंदी कमी करावी लागली तरी चालेल. कटर कडेतून बाहेर पडताना बिडाचे टवके उडतात. तिथे फीड निम्मा करावा किंवा आधी कानशीने कड मारून घ्यावी. ४५ च्या कटरने टवके कमी पडतात.

कातळकडा (रत्नागिरी)

दोन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे.

आधी जुन्या कटरचा शोध लागला तो सांगतो. सहाही इन्सर्ट काढले. चौथ्या क्रमांकाच्या खाचेत, अगदी आतल्या कोपऱ्यात, नखाच्या टोकाएवढी कीस दाबून बसली होती, इतकी घट्ट की ती बैठकीचाच भाग वाटत होती. पितळी तारेने खरवडून काढली. त्याआधी डायलवर तो इन्सर्ट बाकीच्यांपेक्षा ०.०६ मिमी वर होता, नंतर सगळे ०.०२ च्या आत आले. तीन इन्सर्ट आणि १७५ फीडवर तीच ८० मिमीची प्लेट केली. पट्ट्याचा वास आला नाही, रेघा दिसतात पण नखाला लागत नाहीत.

त्यानंतर ६३ मिमीचा, ५ दातांचा, ४५ अंशांचा पॉझिटिव्ह कटर घेतला. ७६० च्या जवळची पुली ७२० ची आहे, म्हणून फीड ३६० ठेवला. कन्व्हेन्शनल, १.५ मिमीचा कट. इन्सर्टची पहिली धार चौदा प्लेटांनंतर बदलली आणि तीही झिजल्यामुळे, तुटली नव्हती. दोन पासच्या मध्ये ०.०१ ची पायरी आहे, जी बैठकीच्या प्लेटीला चालते.

३१६ च्या चार फ्लँज झाल्या. ४८० आरपीएम, २४० फीड, ०.६ मिमी कट. पहिल्या फ्लँजच्या वेळी हात आपोआप फीड कमी करायला जात होता, तो आवरला. चिप लांब आणि फिकट सोनेरी निघाली. मागच्या वर्षीसारखा चकाकणारा कडक पट्टा एकीवरही आला नाही.

हेडासाठी फ्लायकटर तयार केला आहे, परंतु डायल फिरवल्यावर समोर-मागे ०.११ चा फरक आला. बोल्ट सैल करून मशीनचे हेड (स्पिंडल धरणारा भाग) हलवले की नेमके हवे तिथे घट्ट होत नाही, घट्ट करताना ०.०३-०.०४ सरकते. त्याला काही उपाय आहे का? इंजिनांची तीन हेडे अजून बाकी आहेत आणि नारळी पौर्णिमेच्या आत द्यायची आहेत.

बंदरावरचा_मिस्त्री (हर्णै)

बोल्ट पूर्ण सैल करू नका. चारही बोल्ट हाताच्या जोराने घट्ट ठेवा, मशीनचे हेड नायलॉनच्या हातोडीने हलेल इतपतच. घट्ट करताना ते दर वेळी कोणत्या बाजूला सरकते ते दोनतीनदा पाहा. ते बहुतेक एकाच बाजूला सरकते, तेव्हा तितके उलट बाजूला आधीच ठेवून बोल्ट कर्णातल्या जोडीने, तीन टप्प्यांत आवळा. दर टप्प्याला डायल फिरवा. टेबलावर थेट डायल फिरवू नका, टी-स्लॉटमध्ये (टेबलाच्या खाचांत) टोक अडकते आणि काटा उडतो. ग्राइंड केलेली जाड प्लेट किंवा जुन्या बेअरिंगची मोठी बाहेरची रिंग टेबलावर ठेवून तिच्यावर फिरवा. मशीनचा उभा गुडघा (टेबल वर-खाली नेणारा भाग) कामाच्या उंचीला आणून लॉक केल्यावरच शेवटचे माप घ्या, कारण लॉक लावताना तोही थोडा झुकतो.

०.०२ च्या आत आले की आधी रद्द झालेल्या एखाद्या हेडावर ०.०५ चा पास घ्या आणि पट्टी लावून मधोमध उजेड दिसतो का ते पाहा. मग गिऱ्हाइकाचे हेड चढवा.